घोड्यावरचा पोलिश सेनापती: तैलचित्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलिश चित्रकलेबद्दल मला येणारे प्रश्न बहुतेक वेळा एकाच चित्रापासून सुरू होतात. गणवेशातला एक जखमी सेनापती आणि नदीच्या काठावरून पाण्यात झेप घेणारा त्याचा घोडा. हा प्रसंग एकाहून अधिक चित्रकारांनी रंगवला आणि त्याच्या छापील प्रती घरोघरी गेल्या. त्यामुळे मूळ चित्र कोणतं, इथपासूनच गोंधळ होतो. मग त्यातून घोड्यांचे, गणवेशांचे, युद्धात हरवलेल्या चित्रांचे आणि अगदी कोल्हापूरचेही प्रश्न फुटत जातात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. जिथे सांगण्यासारखं खूप आहे तिथे मी रेंगाळलो आहे, बाकी ठिकाणी थोडक्यात आवरलं आहे.

नदीत उडी घेणारा हा सेनापती कोण?

प्रिन्स युझेफ पोन्यातोव्स्की. जन्म ७ मे १७६३, व्हिएन्ना. पोलंडचा शेवटचा राजा स्तानिस्वाव ऑगस्ट पोन्यातोव्स्की हा त्याचा सख्खा काका. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात सेनापती होते, त्यामुळे मुलगाही आधी तिथेच घडला आणि १७८९ साली काकाच्या बोलावण्यावरून पोलिश सैन्यात आला. १७९२ मध्ये रशियाशी झालेल्या युद्धात झ्येलेन्त्से इथे त्याने लढाई जिंकली, पण युद्ध हातचं गेलं. १७९५ च्या तिसऱ्या फाळणीनंतर रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून घेतला आणि नकाशावरून त्या देशाचं नावच गेलं. पुढची १२३ वर्षं ते परत आलं नाही.

नेपोलियनने १८०७ साली वॉर्साची डची नावाचं छोटं राज्य उभं केलं. पोन्यातोव्स्की त्याचा युद्धमंत्री झाला. १८०९ मध्ये राशिनला त्याने ऑस्ट्रियन सैन्य अडवलं आणि त्याच मोहिमेत पुढे क्राकूव घेतलं. १८१२ च्या रशिया मोहिमेत नेपोलियनच्या सैन्याची पाचवी कोअर, म्हणजे पोलिश कोअर, त्याच्या हाताखाली होती. त्या मोहिमेतून जिवंत परत आलेले फार थोडे होते. तरीही १८१३ मध्ये तो पुन्हा सैन्य उभं करून जर्मनीतल्या लाइपझिगला पोचला.

लाइपझिगला नेमकं काय झालं?

नेपोलियन आणि त्याच्याविरुद्ध एकवटलेली राष्ट्रं यांच्यातली ही लढाई १६ ते १९ ऑक्टोबर १८१३ अशी चार दिवस चालली. १६ तारखेलाच, लढाई चालू असताना, नेपोलियनने पोन्यातोव्स्कीला फ्रान्सचा मार्शल केलं. १९ तारखेला फ्रेंच सैन्य माघार घेऊ लागलं आणि ती माघार झाकायची, म्हणजे सगळ्यात शेवटी निघायचं, हे काम ज्यांच्याकडे आलं त्यांत पोलिश तुकड्या होत्या. माघारीच्या वाटेवर एल्स्टर नदीचा एकच पूल होता. तो शत्रू आल्यावर उडवायचा होता. आपलेच हजारो सैनिक अलीकडे असताना तो उडवला गेला.

पोन्यातोव्स्की त्या वेळी एकाहून अधिक ठिकाणी जखमी होता. आधी त्याने प्लाइसे नदी ओलांडली, तिथे घोडा गेला. दुसरा घोडा मिळाला, त्यावर बसून तो एल्स्टरमध्ये उतरला. पाणी चढलेलं होतं, पलीकडचा काठ उभा आणि चिखलाचा होता. घोड्याला तो चढता आला नाही आणि पोन्यातोव्स्की बुडाला. वय पन्नास, मार्शलपद मिळून तीन दिवस. पाच दिवसांनी मृतदेह सापडला. फ्रेंच मार्शल मॅकडोनाल्ड त्याच नदीतून पोहून सुटला, हे मुद्दाम सांगतो, कारण चित्रं पाहताना ते विसरायला होतं. पोन्यातोव्स्कीने मरायचं म्हणून उडी घेतली नव्हती, पलीकडे जायचं म्हणून घेतली होती.

मग मूळ चित्र कोणाचं?

सगळ्यात जास्त पसरलं ते फ्रेंच चित्रकार ओरास व्हेर्ने याचं, घटनेनंतर काही वर्षांतच रंगवलेलं. व्हेर्ने नेपोलियनच्या लढायांचा चित्रकार म्हणून गाजला. घोडा त्याच्या हातात बसलेला होता. या चित्रावरून कोरीव छाप निघाले, शिळाछाप निघाले आणि ते दिवाणखान्याच्या भिंतीपासून तपकिरीच्या डबीपर्यंत सगळीकडे गेले. ज्यांनी मूळ कॅनव्हास कधी पाहिला नाही त्यांनाही उडी पाठ झाली.

पोलिश बाजूने हा प्रसंग रंगवणाऱ्यांत यानुआरी सुखोदोल्स्की हे नाव महत्त्वाचं. हा स्वतः सैनिक. १८३०-३१ च्या, रशियाविरुद्धच्या नोव्हेंबर उठावात लढला आणि उठाव मोडल्यावर रोमला जाऊन याच व्हेर्नेकडे शिकला. त्यामुळे दोघांच्या चित्रांत नातं दिसतं, पण नजर वेगळी आहे. व्हेर्नेला दृश्य हवं आहे. सुखोदोल्स्कीला त्या खोगिरातला माणूस ठाऊक आहे. तुमच्याकडे असलेला जुना छाप कोणाच्या चित्रावरून आहे हे ओळखायचं असेल तर छापाच्या तळाशी बारीक अक्षरांत डावीकडे चित्रकाराचं आणि उजवीकडे कोरणाऱ्याचं नाव असतं का ते आधी पाहा. ही पद्धत युरोपभर होती.

चित्रात दिसतं ते खरं किती?

माणूस, नदी, तारीख खरी. झेप मात्र चित्रकारांची.

जखमी, थकलेला माणूस चिखलाच्या काठावरून घसरत पाण्यात उतरतो ते दृश्य कसं दिसेल, याची कल्पना करा. त्यात डौल नाही. चित्रात मात्र घोडा हवेत आहे, चारही पाय जमिनीपासून सुटलेले, आयाळ मागे उडालेली. बुडण्याचा क्षण जवळजवळ कोणी रंगवलाच नाही. रंगवला तो बुडण्याच्या एक श्वास आधीचा क्षण, घोडा काठ सोडतो आणि पाण्याला अजून टेकत नाही तो. मला वाटतं, या सगळ्या चित्रांचं मर्म तिथेच आहे. ज्यांनी ही चित्रं भिंतीवर लावली त्यांचा देशही तसाच होता. काठ सुटला होता, पलीकडचा किनारा हाताला लागला नव्हता. अशा लोकांना बुडालेला सेनापती नको होता, हवेतला हवा होता.

त्याच्या तोंडी एक वाक्यही घातलं जातं: देवाने पोलिश लोकांची अब्रू माझ्या हाती सोपवली, ती मी देवाच्याच हाती परत देईन. ते त्याने त्या धांदलीत खरंच म्हटलं असेल असं मानायला आधार नाही. पण उडीच्या चित्रासोबत ते शतकभर फिरलं.

सेनापतीला घोड्यावरच का दाखवायचं?

युरोपात अश्वारूढ चित्र हा आधी राजांचा मान होता. टिशियनने १५४८ साली सम्राट पाचव्या चार्ल्सला म्यूलबर्गच्या लढाईनंतर घोड्यावर रंगवलं आणि पुढच्या दरबारी चित्रकारांना साचा मिळाला. एका हाताने सहज धरलेला लगाम, शांत चेहरा, खाली आवरलेली ताकद. घोडा आवरणारा राज्यही आवरेल, असा त्याचा अर्थ.

पोलंडमध्ये या परंपरेचा सगळ्यात देखणा नमुना फ्रेंच चित्रकार दाविदचा आहे, वॉर्साजवळच्या विलानुव राजवाड्यात. विषय स्तानिस्वाव कोस्तका पोतोत्स्की. चित्र १७८१ सालचं, तीन मीटरहून उंच. नेपल्समध्ये एक माजलेला घोडा या तरुण सरदाराने आवरला अशी कथा सांगतात, आणि चित्रात तो घोडा मान वाकवून उभा आहे. पोतोत्स्की टोपी काढून आपल्याला अभिवादन करतो. छातीवर श्वेत गरुड सन्मानाचा निळा पट्टा, कोपऱ्यात भुंकणारा कुत्रा. पुढे १७९२ च्या युद्धात पोतोत्स्की तोफखान्याचा सेनापती झाला आणि १८०५ मध्ये त्याने विलानुवचा संग्रह लोकांना खुला केला.

आता हे चित्र आणि पोन्यातोव्स्कीची उडी शेजारी ठेवून पाहा. मध्ये जेमतेम तीन-चार दशकं आहेत. १७८१ मध्ये घोडा मान झुकवतो, कारण देश अजून आहे. १८१३ नंतरच्या चित्रांत घोडा झेपावतो, कारण उभं राहायला जमीन उरलेली नाही. ज्यांच्याकडे सिंहासन नव्हतं, त्यांनी सेनापतीच्या खोगिराला ती जागा दिली. म्हणूनच एकोणिसाव्या शतकातल्या पोलिश चित्रांमध्ये घोडे इतके आहेत. चित्रकारांना घोडे आवडत होते हेही खरं, पण तेवढ्याने एवढी संख्या होत नाही.

जुन्या चित्रांतला घोडा पळताना विचित्र का दिसतो?

पुढचे दोन्ही पाय पुढे ताणलेले आणि मागचे दोन्ही मागे, असा भरधाव घोडा तुम्ही पाहिला असेल. खरा घोडा असा कधीच पळत नाही. चौखूर दौडीत चारही टापा जमिनीवरून सुटतात हे खरं, पण त्या क्षणी पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. हे १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिजने एकामागून एक छायाचित्रं घेऊन दाखवलं. त्याआधी कोणाच्याही डोळ्याला ते पकडता आलं नव्हतं. तेव्हा १८७८ पूर्वीच्या चित्रकाराला त्यासाठी दोष देऊ नका. जाता जाता, नंतरच्या चित्रांची तारीख ठरवायला ही खूण उपयोगी पडते.

घोडा सगळ्यात चांगला कोणी रंगवला?

माझं उत्तर ठाम आहे: पियोत्र मिहाउओव्स्की. जन्म १८०० साली क्राकूवमध्ये. क्राकूव आणि ग्योटिंगेन इथे शिकला, मग सरकारी खाण व लोखंड खात्यात अधिकारी झाला. १८३१ च्या उठावात शस्त्रं ओतण्याच्या कामावर होता. उठाव मोडल्यावर पॅरिसला गेला. तिथे शार्लेच्या कार्यशाळेत शिकला, पण खरा अभ्यास तबेल्यात आणि घोडेबाजारात केला. नालबंद, गाडीवान, ओझ्याचे जाडजूड पेर्शेरॉन घोडे, सगळं रेखाटत राहिला. १८३५ मध्ये परत येऊन त्याने शेती सांभाळली, पुढे क्राकूवच्या कृषी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १८५५ मध्ये वारला. चित्रं विकून त्याला जगायचं नव्हतं, म्हणून कोणाला खूश करायचंही नव्हतं.

त्याचे घोडे नीटनेटके नाहीत. जाड कुंचल्याने ओढलेला रंग, अर्धी सोडलेली पार्श्वभूमी, तपकिरी अंधारातून उजळलेली छाती. पण वजन खरं आहे. घोडा श्वास घेतो आणि बरगड्या हलतात असं वाटतं. खोगिराखाली घामाने काळवंडलेली कातडी कुठे सुरू होते हे कळतं. त्याने नेपोलियनची अश्वारूढ चित्रं केली, आणि सोमोसिएराची लढाई तर पुन्हा पुन्हा रंगवली. ३० नोव्हेंबर १८०८ रोजी स्पेनमधल्या त्या खिंडीत नेपोलियनच्या रक्षकदलातल्या पोलिश घोडदळाच्या एका छोट्या तुकडीने चढावर, तोफांच्या चार फळ्यांवर, थेट धडक दिली होती. पुढे असलेल्या कोझिएतुल्स्कीचा घोडा सुरुवातीलाच मारला गेला. मिहाउओव्स्कीच्या चित्रात चेहरे जवळजवळ नाहीत. धूर, खडक आणि मधून वर घुसणारी घोड्यांची लाट, एवढंच.

क्राकूवच्या वावेल किल्ल्यासाठी जुन्या हेत्मानांची, म्हणजे आपल्या भाषेत सरसेनापतींची, अश्वारूढ चित्रमालिका करायची त्याची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. पण त्या तयारीतून आलेले स्तेफान चार्निएत्स्कीसारखे स्वार पाहिले की न झालेल्या मालिकेचं वाईट वाटतं. एक सूचना: त्याच्या चित्रांवर सही आणि तारीख सहसा नसते. मिहाउओव्स्कीची सही ठळक असलेलं चित्र कोणी विकायला आणलं तर आधी जाणकाराला दाखवा.

गणवेशावरून पोलिश सेनापती कसा ओळखायचा?

तीन गोष्टी पाहा. पहिली टोपी: माथा चौकोनी, चार कोपऱ्यांचा. भालाइत घोडदळाची उंच चौकोनी टोपी पोलंडहून फ्रान्स, प्रशिया, इंग्लंडच्या सैन्यांत गेली, त्यामुळे ती एकटीच पुरावा नाही. दुसरी रंग: गडद निळ्या कापडावर किरमिजी किंवा राजगिऱ्याच्या फुलासारखा लालसर गुलाबी. तिसरी सगळ्यात भरवशाची: कॉलरवर आणि बाह्यांवर चांदीच्या तारेची नागमोडी पट्टी. पोलिश लोक तिला सापच म्हणतात, आणि आजही पोलिश जनरलच्या टोपीवर ती असते. छातीवर निळ्या फितीला काळ्या कडा दिसल्या तर तो विर्तूती मिलितारी, १७९२ मध्ये सुरू झालेला शौर्य सन्मान. तो पहिल्यांदा मिळालेल्यांत पोन्यातोव्स्की आणि दुसरा पोलिश सेनापती कोश्चुश्को दोघेही होते.

घोड्याचा एक पाय उचललेला असेल तर स्वार जखमी होऊन गेला, दोन्ही उचललेले असतील तर रणात पडला, हे खरं ना?

नाही. आपल्याकडे हा नियम मोबाइलवर वरचेवर फिरतो, पण असा संकेत शिल्पकारांनी वा चित्रकारांनी कधी पाळलेला नाही. वॉर्सातला पोन्यातोव्स्कीचा पुतळाच पाहा. रणात मेलेला माणूस, आणि घोडा संथ पावलांनी चाललेला.

त्या पुतळ्याची गोष्ट सांगायलाच हवी. डेन्मार्कचा शिल्पकार थोरवाल्सन याने तो घडवला. पोलिश लोकांना त्यांचा प्रिन्स ओळखीच्या गणवेशात हवा होता. थोरवाल्सनने त्याला रोमन पोशाखात, सम्राट मार्कस ऑरेलियसच्या धर्तीवर बसवलं. पुतळा १८३२ मध्ये ओतून तयार झाला, पण तोवर नोव्हेंबर उठाव चिरडला गेला होता. झारने तो उभारू दिला नाही. पुढे तो रशियन सेनापती पास्केविचच्या होमेलच्या वाड्यात गेला. १९२२ मध्ये परत आला, १९२३ मध्ये वॉर्साच्या चौकात बसला. १९४४ च्या डिसेंबरात जर्मनांनी तो उडवून दिला. कोपनहेगनला मूळ साचा शिल्लक होता, त्यावरून डेन्मार्कने नवा पुतळा ओतून दिला. १९६५ पासून तो आजच्या अध्यक्षीय प्रासादासमोर आहे. रोमन पोशाख पाहून आजही लोक विचारतात, हा कोणता सम्राट?

घोडा नसलेला सेनापती कोणी रंगवला आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. १८५२ साली पॅरिसमध्ये हेन्रिक रोदाकोव्स्की या तरुण पोलिश चित्रकाराने जनरल हेन्रिक देंबिन्स्कीचं व्यक्तिचित्र केलं. त्याला त्या वर्षीच्या सलोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, पहिल्या श्रेणीचं सुवर्णपदक मिळालं.

देंबिन्स्की १८१२ च्या मोहिमेत होता. १८३१ च्या उठावात त्याने आपली तुकडी शत्रूच्या वेढ्यातून लिथुआनियाहून वॉर्साला सुखरूप आणली आणि त्या एका कूचमुळे त्याचं नाव झालं. मग परागंदा आयुष्य. १८४९ मध्ये हंगेरीच्या स्वातंत्र्ययुद्धात तो सरसेनापती झाला, कापोल्ना इथे यश आलं नाही, ऑगस्टमध्ये तेमेश्वारला निर्णायक हार झाली. तुर्कस्तानमार्गे पॅरिस. रोदाकोव्स्कीने त्याला छावणीत बसलेला दाखवलं आहे. हात कपाळाशी, नजर कुठेच नाही. ना लगाम, ना उगारलेली तलवार. युद्ध संपलं आहे हे त्याला कळलं आहे, आणि ते त्याने अजून कोणाला सांगितलेलं नाही.

उडीच्या चित्रासमोर ऊर भरून येतो. या चित्रासमोर मी जास्त वेळ उभा राहतो. अश्वारूढ चित्रात घोडा सेनापतीसाठी बोलतो. इथे बोलायला कोणी नाही, आणि म्हणून चेहरा रंगवणं भाग पडलं. देंबिन्स्की १८६४ मध्ये पॅरिसमध्येच वारला.

रेम्ब्रांटचा 'पोलिश स्वार' हाही याच सेनापतींपैकी एक का?

नाही, तो सतराव्या शतकातला, १६५५ च्या सुमाराचा. स्वार कोण हे आजही वादाचं आहे. नातं एवढंच, की ते चित्र काही काळ पोन्यातोव्स्कीच्या काकाच्या, म्हणजे शेवटच्या राजाच्या, संग्रहात होतं. पुढे ते तार्नोव्स्की घराण्याकडे गेलं आणि १९१० मध्ये अमेरिकन उद्योगपती फ्रिकने विकत घेतलं. आता न्यूयॉर्कला आहे.

ही चित्रं इतकी तपकिरी आणि काळपट का दिसतात?

काही मुद्दाम तशी आहेत, काही झाली आहेत. तैलरंगात रंगद्रव्य जवसाच्या तेलात घोटलेलं असतं. ते वाळायला वेळ घेतं, म्हणून चित्रकाराला ओल्यात ओलं मिसळता येतं आणि घोड्याच्या कातडीची चकाकी त्यातूनच येते. वरून राळेचं वॉर्निश देत. ते काही दशकांत पिवळं पडतं आणि निळा गणवेश हिरवट दिसू लागतो. हे संवर्धक काढू शकतात. खरी अडचण डांबरी तपकिरी रंगाची. एकोणिसाव्या शतकात तो खोल, ऊबदार सावल्यांसाठी फार वापरला गेला. तो कधीच पुरता वाळत नाही, आक्रसतो, आणि त्यावर मगरीच्या पाठीसारख्या रुंद भेगा पडतात. त्यांना उपाय जवळजवळ नाही. घरातलं जुनं तैलचित्र ओल्या फडक्याने, बटाट्याने किंवा कांद्याने पुसू नका. कोणी कितीही सांगितलं तरी नाही.

दुसऱ्या महायुद्धात या चित्रांचं काय झालं?

पुष्कळ गेली. जर्मनांनी पोलंडमधले संग्रह यादी करून लुटले, आणि उरलेलं वॉर्साबरोबर जळालं. दाविदचं पोतोत्स्की आधी जर्मनांनी नेलं, मग ते सोव्हिएत सैन्याच्या हाती लागलं आणि १९५६ मध्ये विलानुवला परत आलं. तीन मीटरचं चित्र दोन सैन्यांच्या हातांतून जाऊन परत येणं हे भाग्यच. गेलेल्या कलाकृतींची नोंद पोलिश सरकार अजून ठेवतं, आणि लिलावात अधूनमधून त्यांतली एखादी सापडते.

वेगळ्या प्रकारे हरवलेलं एक चित्र म्हणजे जनरल युझेफ बेमचं. बेम पोलंडच्या तार्नुव गावचा, १८४९ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियात हंगेरीच्या बाजूने लढला. हंगेरियन कवी पेतोफी त्याच्या हाताखाली होता. नंतर तुर्कस्तानात त्याने इस्लाम स्वीकारला आणि १८५० मध्ये अलेप्पोला वारला. यान स्तिकाने १८९७ मध्ये त्याच्या मोहिमेचं प्रचंड गोलाकार चित्र केलं. पुढे त्याचे तुकडे कापून सुटे सुटे विकले गेले. तार्नुवचं संग्रहालय ते तुकडे शोधून जमवतं आहे.

कोल्हापूरचा आणि पोलंडचा काही संबंध आहे असं ऐकलं, तो याच सेनापतींमुळे का?

थेट नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून सायबेरिया आणि मध्य आशियात हाकलून दिलेली ही माणसं इराणमार्गे इथवर पोचली होती. त्या छावणीची आठवण म्हणून वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

एक धागा मात्र खरा आहे. पोलंडचं राष्ट्रगीत १७९७ मध्ये इटलीत, परागंदा पोलिश सैनिकांसाठी लिहिलं गेलं आणि त्यात जनरल दोंब्रोव्स्कीला कूच करण्याची हाक आहे. देश नसताना सेनापतीच्या नावाने देशाला हाक मारणारं ते गीत. सुखोदोल्स्कीने याच दोंब्रोव्स्कीचा रोममधला प्रवेश रंगवला आहे. वळिवड्यातली माणसंही घरदार गमावलेली होती, आणि त्यांचं राष्ट्रगीत हेच.

पोलंडला जाणार असलो तर कुठे काय पाहू?

क्राकूवपासून सुरुवात करा. मुख्य चौकातल्या सुकियेन्नित्से या जुन्या कापडबाजाराच्या वरच्या मजल्यावर राष्ट्रीय संग्रहालयाचं एकोणिसाव्या शतकाचं दालन आहे. तिथे मिहाउओव्स्की आहे, चित्रकार मातेइकोने १८८८ मध्ये केलेलं राच्वावित्सेच्या रणातलं कोश्चुश्कोचं भव्य चित्र आहे, आणि खेल्मोन्स्कीची अंगावर येणारी चौघोडी आहे. मातेइकोच्या चित्राकडे गर्दी असते. तुम्ही आधी मिहाउओव्स्कीच्या खोलीत जा, डोळे ताजे असताना. रोदाकोव्स्कीचा देंबिन्स्कीही क्राकूवच्या याच संग्रहालयाचा आहे.

मग टेकडी चढून वावेलला जा. लाइपझिगहून पोन्यातोव्स्कीचा देह आधी वॉर्साला आणला गेला आणि १८१७ मध्ये वावेल कॅथेड्रलच्या तळघरात, राजांच्या शेजारी ठेवला गेला. तिथे घोडा नाही, नदी नाही. दगडी पेटी आहे, थंडी आहे, आणि बाहेर पडायची वाट अरुंद आहे, त्यामुळे मागच्यांना जागा देत पुढे सरकावं लागतं.